भिंत पाडण्याआधी स्लॅब कशावर टेकलाय ते पाहिलं

आमची इमारत पुण्यातली, सत्तरच्या दशकातली, तळमजला अधिक दोन मजले. हॉल मोठा करायचा तर मधल्या दोन भिंती आड येत होत्या. ठेकेदार ठोकून म्हणाला, "पोकळ वाजतात, पार्टिशनच आहेत." म्हणजे स्लॅबचा भार न घेणाऱ्या, नुसत्या आडोशाच्या भिंती. यावर विसंबू नका. गिलावा सुटला असेल तर कुठलीही भिंत पोकळच वाजते.

आधी दाराशी टेप धरून जाडी मोजली. एक साडेपाच इंच, म्हणजे साडेचार इंची वीटकाम आणि दोन्हीकडचा गिलावा. दुसरी दहा, म्हणजे नऊ इंची. पण जाडीवर निकाल लागत नाही. आरसीसी फ्रेममधली, म्हणजे काँक्रीटचे खांब आणि बीम भार घेतात अशा इमारतीतली नऊ इंची भिंत नुसती भरावाची असू शकते, आणि जुन्या घरात साडेचार इंचीवरही स्लॅब टेकवलेला सापडतो. नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती बारीक दिसतात, तरी भार त्याच घेतात. तिथे हात लावूच नये.

मग वरचा आणि खालचा फ्लॅट पाहिला. नऊ इंची भिंत तिन्ही मजल्यांवर एकाखाली एक होती. साडेचार इंचीच्या डोक्यावर वरच्यांची भिंत नव्हती.

खरा उलगडा झाला छताशी. दोन्ही भिंतींचा वरचा गिलावा सहा इंच बाय सहा इंच छिन्नीने काढला. नऊ इंचीवर बीम नव्हता, स्लॅब थेट विटांवर बसलेला. साडेचार इंचीच्या वरच्या थरात विटांचे तुकडे आणि मसाला कोंबलेला होता, म्हणजे स्लॅब आधी आणि भिंत नंतर. तिच्यात मध्येच काँक्रीटचा पट्टा लागला, त्याला बीम समजू नका. ती पाटली, बारीक भिंतीला ताठपणा द्यायला घातलेली.

हे सगळं आणि सोसायटीकडचा मंजूर नकाशा परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवला. अंतिम निर्णय त्यांचाच. त्यांचं पत्र जोडून सोसायटीची लेखी परवानगी घेतली आणि साडेचार इंचीच पाडली.

घण न घालता वरून एकेक थर उतरवला. स्लॅब वर्षानुवर्षांत थोडा वाकतो आणि पार्टिशनवरही रेलतो, म्हणून पहिला थर काढून रात्रभर थांबलो आणि सकाळी छताला तडा नाही ना ते पाहिलं.

राडारोड्याकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. दहा फुटी भिंतीचं वजन गिलाव्यासकट अडीच टनांच्या आसपास भरतं. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो वापराच्या भारासाठी धरलेला असतो. ढीग मध्यभागी साचू न देता गोण्या रोजच्या रोज खाली उतरवल्या.