डावा हात

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला आणि डोळ्यांसमोर फक्त आमचे पी.टी.चे सर उभे राहिले. बाकी गुरुजनांनी क्षमा करावी.

लष्कराच्या मराठा सेंटरमधून पेन्शनवर आलेले सर. बेळगाव म्हणजे कुस्तीचा मुलूख, बॉक्सिंग कुणाला ठाऊक होतं? ग्लोव्हजची एकच जोडी, तीही सरांची स्वतःची, चामडं भेगाळलेलं. एकाला डावा ग्लोव्ह मिळे, दुसरा उजवाच उलटा करून डाव्या हातात चढवी, अंगठा बाहेर. उजवा हात पट्ट्यात खोचायचा. "आधी डावा शिक की रे! उजवा कुणालाबी मारता येतंय."

एकदा चिडून मी उजवा हात बाहेर काढला आणि खानापूरकडच्या एका मुलाचं नाक फोडलं. सर रागावले नाहीत. नळावर रुमाल भिजवून त्याच्या नाकाला धरला, मग त्याच ओल्या रुमालाने माझा उजवा हात पट्ट्याला बांधला. मधल्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. तोच मुलगा आला, भाकरीचा तुकडा मोडून त्याने माझ्या तोंडाशी धरला. तो घास अजून आठवतो.

1985 चे पहिले द्रोणाचार्य पुरस्कार, खेळाडू घडवणाऱ्या प्रशिक्षकांना मिळणारे, सरांनी वर्गात पेपर आणून वाचून दाखवले. कुस्तीचे भालचंद्र भागवत, ॲथलेटिक्सचे नंबियार आणि बॉक्सिंगचे राष्ट्रीय प्रशिक्षक ओमप्रकाश भारद्वाज. भारद्वाजही फौजेत पी.टी. शिकवलेले, त्यामुळे सरांचा आवाज भरून आला. "पदकवाल्याला सगळे ओळखतात रे. रिंगच्या कोपऱ्यात स्टूल घेऊन उभा राहतो त्या कोचचं नाव पेपरात आलंय!"

त्या स्टुलाच्याच ओढीने मी पटियालाला एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षकाचा कोर्स केला. 2008 ला बीजिंगमध्ये विजेंदरने ब्राँझ जिंकलं, भारताचं बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक. टीव्हीसमोर सगळे त्याच्याकडे बघत होते, मी मात्र प्रशिक्षक गुरबक्षसिंग संधूंना शोधत होतो. सांगायला सर राहिले नव्हते.

परवा शाळेत गेलो. लाल मातीच्या मैदानावर फरशी आलीय. पटही रोडावलाय. पोटात तुटलं.

माझ्याकडे आज तीस मुलं शिकतात, त्यांत अकरा मुली. ग्लोव्हज सगळ्यांना आहेत, तरी पहिला महिना मी एकच देतो, डावा. सरांची जुनी जोडी त्यांच्या मुलाने मला आणून दिली. उजव्या ग्लोव्हचा अंगठा अजून बाहेरच वळलेला आहे.