पानगळ, पाऊस आणि नदी: चार फेऱ्यांचा हिशेब

गेल्या पानगळीत नदीचे ढिगाने फोटो काढले आणि ठेवण्याजोगे निघाले दोन. बाकी सगळ्यांत पाण्याच्या जागी सांडलेलं दूध. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवून शटर जास्त वेळ उघडा ठेवू देणारी गडद काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) नवा होता, तो लावल्याशिवाय चैनच पडेना. यंदा तो घरी ठेवायचा आणि फक्त ढगाळ, ओले दिवस गाठायचे असं ठरवलं. ऊन पडलं तर बाहेर पडायचं नाही. चार फेऱ्या झाल्या. चारही वेळा सगळं फिरून फिरून एकाच कडीपाशी आलं, ती म्हणजे पोलरायझरची, लेन्सपुढे फिरवायच्या, चमक कापणाऱ्या फिल्टरची.

पहिली फेरी

सकाळपासून रिपरिप. दोन्ही काठांवर पिवळी-तांबूस झाडं, मधे खडकांतून खळाळणारं अरुंद पात्र. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ ला (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरने शटरसाठी साधारण अर्धा सेकंद दाखवला, म्हणजे उजेडाच्या मापात ईव्ही ८ च्या आसपास. दाट झाडीखाली आभाळ भरलेलं असलं की उजेड एवढाच उरतो. अर्ध्या सेकंदात वाहत्या पाण्याच्या रेघा दिसतात, पण पाण्याचा पोत शाबूत राहतो. एनडी ज्यासाठी विकत घेतला होता ते काम ढगांनी फुकटात करून दिलं.

फसले ती दुसऱ्याच गोष्टीत. पोलरायझर पिशवीतच राहू दिला. डोक्यात पक्कं बसलेलं की तो उन्हासाठी, निळं आभाळ गडद करायला. आज आभाळच नाही तर तो कशाला? घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले तर पानापानावर राखाडी पापुद्रा. झाड समोर इतकं पेटलेलं दिसत होतं आणि फोटोत विझलेलं.

कारण एकदा कळलं की सोपं आहे. ओल्या पानावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तो डोक्यावरच्या पांढऱ्या आभाळाचं प्रतिबिंब आपल्याकडे फेकतो. उन्हात चमक एखाद्या ठिपक्यापुरती असते. ढगाळ दिवशी अख्खं आभाळ म्हणजे एक मोठी पांढरी चादर, ती प्रत्येक पानावर, प्रत्येक दगडावर अंथरलेली. खालचा रंग असतो, उलट ओलं झाल्यावर तो अधिक गडदच होतो. फक्त त्यावर ही चादर असते. ती ओढून काढायला पोलरायझरच लागतो. म्हणजे तो ज्या दिवशी सर्वांत जास्त हवा होता, नेमका त्याच दिवशी मी तो लावला नाही.

दुसरी फेरी

या वेळी लावला, आणि नव्या भक्ताच्या उत्साहाने शेवटपर्यंत फिरवला. पानं काय उजळली! हरितद्रव्य ओसरल्यावर मागे उरलेला पिवळा आणि पानात नव्याने तयार झालेला लाल, दोन्ही वेगवेगळे दिसायला लागले. पण पाणी मेलं. डोहात पलीकडच्या काठाचं सोनेरी प्रतिबिंब होतं ते गेलं आणि त्या जागी काळंभोर विवर आलं. ओल्या खडकांच्या कडांवरची चमकही गेली, दगड कोरडे आणि मातकट वाटू लागले. ओलेपणा हा फोटोचा जीव, तोच मी पुसून टाकला होता.

मग एकाच जागी उभं राहून कडी थोडी थोडी फिरवत पाच फ्रेम घेतल्या. यातून जी सवय लागली ती अशी: आधी पूर्ण परिणाम दिसेपर्यंत फिरवायचं, मग खडकांच्या कडा पुन्हा लकाकेपर्यंत हळूहळू मागे यायचं. पानांवरची चादर बरीचशी गेलेली असते आणि डोहात थोडं सोनं शिल्लक असतं. मीटर त्यानंतर पाहायचा, आधी नाही. कारण चमक कमी-जास्त झाली की उजेडही बदलतो. माझा पोलरायझर एरवी दीडेक स्टॉप खातो, त्यामुळे पहिल्या फेरीचा अर्धा सेकंद आता सव्वा-दीड सेकंदावर गेला.

उभं कुठे राहता यालाही महत्त्व आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी नजरेचा कोन साधारण ३७ अंश असताना पोलरायझर सर्वांत जोरात काम करतो. पुलावरून सरळ खाली पाहिलं तर कडी गोल गोल फिरवा, काहीही होत नाही. फिल्टर बिघडला असं वाटून मी तो दोनदा पुसला.

सव्वा सेकंद पाण्याला मानवतो, पानांना नाही. जराशी झुळूक आली की काठावरच्या फांद्या रंगाचे फराटे होतात. त्यासाठी ट्रायपॉड न हलवता दोन फ्रेम घेते: एक पाण्यासाठी आणि दुसरी फांदीवर फोकस करून आयएसओ १६००, एफ/५.६ ला, म्हणजे शटर १/५० पर्यंत येतो. नंतर दोन्ही जोडायच्या. खरं सांगायचं तर जोडकामाचा मला कंटाळा आहे. वारा सलग वाहत नाही, मधे थांबतो. केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबणारी वायर) हातात धरून त्या थांब्याची वाट पाहणं मला जास्त आवडतं. कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, ट्रायपॉडवर बंद केलेलं बरं. ट्रायपॉडचा पाय मात्र धारेत ठेवू नका. पाणी तो सारखा थरथरवतं आणि हे स्क्रीनवर कळत नाही, घरी कळतं.

तिसरी फेरी

या फेरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जवळजवळ चाळीस फ्रेम, प्रत्येकीच्या डाव्या कोपऱ्यात तोच धुरकट डाग. एक थेंब. वाइड लेन्स आणि लहान अ‍ॅपर्चर असलं की काचेवरचा थेंब जास्तच ठळक उमटतो हे माहीत असून तपासलं नाही.

लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची झापड, लावला असता तर थेंब कदाचित अडला असता. पण हूड लावला की पोलरायझरची कडी आत जाते आणि बोट पोचत नाही. दोन्ही हवेत आणि दोन्ही एकत्र नांदत नाहीत! सध्याची तडजोड: हूड काढून कडी फिरवायची, हूड परत लावायचा, आणि दोन फोटोंच्या मधे लेन्सचं तोंड जमिनीकडे. छत्री वापरून पाहिली. वाऱ्यात ती मला ओढते आणि काडीच्या टोकावरून नेमकं कॅमेऱ्यावर ठिबकते. दोन पुसणी मात्र हवीतच, एक कामातलं आणि एक आतल्या खिशात कोरडं.

घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा बंद पिशवीत घालते आणि तो खोलीइतका उबदार होईपर्यंत उघडत नाही. नाहीतर घरातली दमट हवा थंड काचेवर धुकं धरते, कधी कधी आतल्या बाजूनेसुद्धा.

चौथी फेरी

रात्रभर पाऊस झालेला. पात्र फुगलेलं, पाणी चहाच्या रंगाचं. नेहमीच्या खडकावर जायचं होतं, पण त्याच्या पायथ्याशी पाण्याची रेघ तासाभरात वितभर वर सरकली, म्हणून काठावरच थांबले. इथे पाऊस थांबला तरी वर पडलेलं पाणी उशिरा येतं.

काठाजवळ एक संथ वळण सापडलं. धबधब्याचा फेस तिथे गोल फिरत होता आणि त्यात पाच-सहा पिवळी पानं. संध्याकाळ होत आलेली, उजेड आणखी खाली गेलेला. एफ/१६, आयएसओ १०० ला शटर आठ सेकंद मिळाला. एफ/१६ ला बारीक तपशील जरा मऊ होतो, ते चालवून घेतलं. फेसाच्या पांढऱ्या वर्तुळांत पानांच्या पिवळ्या रेघा, आणि बाजूच्या काळ्या दगडाला चिकटलेलं एकच लाल पान ठणठणीत स्थिर. आभाळ फ्रेममध्ये कुठेच नाही. पांढरं आभाळ कोपऱ्यातून जरी डोकावलं तरी डोळा तिकडेच पळतो, म्हणून यंदा सगळ्या फ्रेम वरून कापूनच बांधल्या.

संगणकावर दोन गोष्टी नडल्या. एक, व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा उबदार-थंड तोल. ऑटोवर ठेवलं की कॅमेरा पानांचा पिवळेपणा दोष समजून दुरुस्त करतो. ६००० ते ६५०० केल्विनला पानं ठीक दिसतात, पण फेसही पिवळा पडतो, म्हणून फेस किंचित निळसर राहील इथपर्यंतच ऊब वाढवते. दुसरं, लाल चॅनल. एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) अगदी सज्जन दिसत होता, पण ते लाल पान सपाट, शिरा गायब. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम उघडल्यावर लाल उजव्या भिंतीला टेकलेला, म्हणजे मर्यादेबाहेर उजळलेला दिसला. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) होती म्हणून थोडं परत मिळालं. आता अशा रंगांना एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपने खाली ठेवते, आणि सॅच्युरेशनच्या स्लायडरला हात लावत नाही.

यंदाचे ठेवण्याजोगे आतापर्यंत नऊ. फांद्यांवर आता मोजकी पानं आहेत, बाकीची उथळ पाण्यात तळाशी बसलीत. पाचव्या फेरीत तीच घ्यायची आहेत, वरून तिरकं पाहून, आणि तिथे कडी शेवटपर्यंत फिरवून.