धोका ३, उतार ३५

“तिकडे बर्फ किती पडला?” डिसेंबर ते एप्रिल हा प्रश्न मला गोव्यात डिचोलीच्या बाजारात कुणी ना कुणी विचारतोच. मुलगी ऑस्ट्रियात, आल्प्समधल्या इन्सब्रुकला नोकरीला आहे, जावई तिथलाच. दोघंही सुट्टीच्या दिवशी स्कीला कातडी पट्टे लावून डोंगर चढतात आणि पिस्ट, म्हणजे आखलेली वाट, सोडून भलतीकडूनच घसरत खाली येतात. फोटो घरच्या ग्रुपवर पडले की आमच्या गोतावळ्याचा हिशोब सरळ असतो: भरपूर बर्फ म्हणजे हिमस्खलनाचा भरपूर धोका, कमी बर्फ म्हणजे निर्धास्त. प्रत्येकाला उभ्या उभ्या समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

माझं आयुष्य खाणीवर सर्व्हेयर म्हणून गेलं. २०१२ला खाणी पहिल्यांदा बंद पडल्या, २०१८ला पुन्हा पडल्या, तोवर माझी निवृत्ती आलीच होती. बर्फाशी संबंध शून्य, पण उतार हा माझा धंदा. कुठला डंप, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीग, किती अंशात उभा आहे, पावसाळ्यात तो कुठून सुटेल, खाली कुणाचं शेत आहे, हे बघण्याचाच पगार मिळायचा. त्यामुळे मुलीने पहिल्यांदा हिमस्खलनाचं बुलेटिन दाखवलं तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. उलट वाटलं, आमच्याकडे जूनमध्ये असलं काही रोज मिळालं असतं तर!

आधी एक फरक. पिस्ट म्हणजे स्की केंद्राने आखलेली, मशीनने दाबलेली, खांब रोवून हद्द दाखवलेली वाट. तिथली जबाबदारी केंद्राची. रात्री बर्फ पडला की पहाटे वरच्या उतारांवर मुद्दाम स्फोट घडवून साठलेला बर्फ आधीच पाडतात, मगच लिफ्ट सुरू करतात. मी मार्चमध्ये त्यांच्याकडे राहिलो होतो तेव्हा एका सकाळी नॉर्डकेटेच्या, म्हणजे शहराच्या डोक्यावरच्या डोंगररांगेच्या, बाजूने धडाधड आवाज आले. ब्लास्टिंगचा आवाज मी झोपेतही ओळखतो, खिडकीशी जाऊन उभा राहिलो, तर जावई चहा ओतत म्हणाला, “बाबा, तुमच्याच खात्याची माणसं.” या नॉर्डकेटेची गंमत म्हणजे शहराच्या मध्यातून फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे) आणि पुढे केबल कारने माणूस वीसेक मिनिटांत सव्वादोन हजार मीटरवर पोचतो. ऑफिस सुटल्यावर कड्यावर. खांबाच्या पलीकडे दोन पावलं टाकली की ते ऑफ-पिस्ट, आणि तिथे मालक कुणी नाही.

आता बुलेटिन. ऑस्ट्रियाचा टिरोल (इन्सब्रुक त्यातलंच) आणि इटलीचे दक्षिण टिरोल व त्रेन्तिनो या तीन प्रांतांचं मिळून २०१८पासून एकच बुलेटिन निघतं, हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला, जर्मन, इटालियन आणि इंग्रजीत. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ. मार्चअखेर त्यांची घड्याळं पुढे सरकली की साडेआठ. नकाशावर प्रत्येक भागाला १ ते ५ यातला एक आकडा आणि रंग असतो. १ हिरवा, २ पिवळा, ३ नारिंगी, ४ लाल, ५ला लाल-काळ्या चौकटी. १९९३पासून सगळ्या युरोपात हीच मोजपट्टी आहे. त्याआधी प्रत्येक देशाची वेगळी होती.

या मोजपट्टीत ३ मधोमध बसतो आणि तिथेच माणूस फसतो. पाचपैकी तीन म्हणजे “मध्यम”, असं आपलं शाळेतलं डोकं सांगतं. पण या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, प्रत्येक पायरीला धोका कित्येक पटींनी वाढतो. स्वित्झर्लंडमध्ये दावोसला बर्फ आणि हिमस्खलनावर संशोधन करणारी जुनी संस्था आहे. १९४५पासून तीच तिथलं बुलेटिन काढते. त्यांचा हिशोब असा: हिवाळ्यातल्या साधारण ३० टक्के दिवसांना ३ हा आकडा असतो आणि मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे त्याच दिवसांत होतात. ४ हा आकडा वर्षातून मोजकेच दिवस येतो, मृत्यूंतला त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. ४ला लोक घाबरून घरी बसतात. ५ला तर रस्तेच बंद असतात, गावं रिकामी करतात. ३ला आकाश निळं असतं, लिफ्ट चालू असते, बर्फ ताजा असतो, आणि बुलेटिनमध्ये “काही उतारांवर” असं सौम्य शब्दांत लिहिलेलं असतं. आल्प्समध्ये वर्षाला सरासरी शंभरेक माणसं बर्फाखाली दगावतात. बहुतेकांच्या बाबतीत तो बर्फ वरून आपोआप येत नाही. जवळजवळ नव्वद टक्के वेळा सापडलेल्या माणसाने स्वतः किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी तो सोडवलेला असतो.

सोडवलेला म्हणजे कसा, ते समजून घ्यायला मला जरा वेळ लागला. डंप घसरतो तो पाण्याने. पाणी मुरतं, माती जड होते, पायथा सुटतो. आणि डंप सांगून घसरतो: माथ्यावर आधी भेग पडते, आम्ही दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज टेपने मोजायचो, किती रुंदावली. बर्फाचं तसं नाही. हिवाळाभर एकावर एक थर साचतात, आणि त्यातला एखादा थर सुट्या दाण्यांचा, एकमेकांना न धरणारा असतो. त्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसला की स्लॅब तयार. माणसाच्या वजनाने खालचा कच्चा थर एका जागी मोडतो, आणि ती मोड आडवी पळत जाते. क्षणात फुटबॉलच्या मैदानाएवढा स्लॅब खालून सुटा. उतार पुरेसा असला तर निघाला. उतार नसला तर नुसता “व्हुम्फ” असा दबका आवाज येतो आणि पायाखालची जमीन थोडी खचल्यासारखी वाटते. जावयाच्या मते तो डोंगराने दिलेला शेवटचा फुकटचा इशारा. गेल्या जानेवारीत सपाटीवर त्यांना तो आवाज आला. समोरच्या उतारावर आधीच्या गटाचे माग दिसत होते, वर माणसंही दिसत होती. दोघं तिथूनच परतली. मुलगी फोनवर वैतागली होती, चार तास चढून काहीच मिळालं नाही म्हणून. माग असलेला उतारही सुटतो, पहिल्या पाचांना न लागलेली नाजूक जागा सहाव्याच्या स्कीखाली येते. हे तिलाही पाठ आहे, पण वैताग तो वैतागच.

आता तो कच्चा थर कुठून येतो, ते ऐका, कारण बाजारातल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो. वर हवा उणे पंधरा. मध्ये बर्फ दोन मीटर असेल तर हा फरक हळूहळू पसरतो. चाळीस सेंटीमीटरच असेल तर तोच फरक एवढ्याशा जाडीत मावतो, खालची वाफ जोराने वर सरकते आणि तिच्या वाटेतले कण मोठे, धारदार, सुटे होत जातात. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बर्फ थोडाच पडून मग थंडी कडक पडली, की पायाच कुजला म्हणून समजा. जानेवारीत वर कितीही सुंदर बर्फ येवो, तो त्या पायावर उभा असतो, कधी कधी मार्चपर्यंत. निरभ्र रात्रीही असंच काम करतात: पृष्ठभागावर दवाचे पिसासारखे स्फटिक उगवतात, सकाळी उन्हात चमकतात, लोक फोटो काढतात. त्यावर पुढचा बर्फ पडला की तोच चमचमाट पुरला जाऊन कच्चा थर होतो. म्हणून “यंदा बर्फ कमी आहे, बरं झालं” हे मी ऐकतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

आणि किती पडला याला तसाही एकट्याने अर्थ नाही. वारा जोराचा, थंडी कडक, खालचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर दहा-वीस सेंटीमीटर नवा बर्फसुद्धा ३ नंबरचा दिवस आणतो. वारा नसेल आणि हवा शून्याच्या जवळ असेल तर अर्ध्या मीटरपर्यंतही निभावून जातं. वारा कड्याच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन भरतो. म्हणून बुलेटिनमध्ये आकड्याखाली एक छोटी दिशाचकती असते, कुठल्या बाजूचे उतार वाईट ते काळं केलेलं, आणि शेजारी उंची: समजा २,२०० मीटरच्या वर. मी आकड्याआधी ती चकती बघतो. वायव्य ते पूर्व काळी असेल तर सावलीतले उतार, तिथे कच्चा थर लवकर बरा होत नाही. मग खालचा परिच्छेद, त्यात जुना थर हा शब्द आला की मुलीला मेसेज: “कुठे जाताय? उतार किती?”

उतार किती हा तर माझाच विषय. ३० अंशांच्या खाली स्लॅब सहसा सुटत नाही. ५५च्या वर बर्फ साचतच नाही, पडता पडता झडतो. बहुतेक अपघात ३५ ते ४० आणि थोडं वर. आणि स्की करणाऱ्याला मजा कुठल्या उतारावर? ३५ ते ४०. खडा डंपही आपल्या मनाने ३५-३७ला येऊनच थांबतो, तेव्हा डिचोली-साखळीच्या कुणाही माणसाने मान वर करून तो एकदा बघितलेला आहे, तेवढा चढ.

वेर्नर मुंटर नावाच्या स्विस गाइडने नव्वदच्या दशकात यावरून एक साधा नियम बसवला, तो मला फार आवडतो, कारण तो सर्व्हेयरला पटणारा आहे. धोका २ तर ४० अंशांच्या खाली राहा. ३ तर ३५च्या खाली. ४ तर ३०च्या खाली. २ला आपल्या मागाच्या आसपासचा तुकडा बघायचा, ३ला तो अख्खा उतार, ४ला वरचे उतारही, कारण तेव्हा लांबूनही सुटतो. या नियमाने सगळे अपघात टळत नाहीत, हे मुंटरलाही माहीत होतं. पण “मला वाटतं चालेल” यापेक्षा अंश बरे.

आणि अंश घरबसल्या निघतात. आल्प्सच्या १:२५,००० नकाशावर कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, वीस मीटरने असतात. दोन कंटूरमधलं अंतर १.४ मिलिमीटर असेल तर उतार ३०, १.१ असेल तर ३५, एक मिलिमीटरच्याही आत गेलं की ४०. आता मोबाइलच्या नकाशात ३०च्या पुढचे उतार रंगवूनच येतात, पट्टी लागत नाही. मला पट्टीच बरी वाटते. पहिल्यांदा त्यांचा रविवारचा मार्ग कागदावर मोजून फोन केला, “तिसऱ्या वळणानंतर ३८ आहे,” तेव्हा पलीकडे जावई हसत होता. नंतर तो स्वतःच मार्ग आदल्या दिवशी पाठवायला लागला.

गोव्यात बसून आल्प्सची एवढी चिंता कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी: गुलमर्गला गोंडोला (केबल कार) अफरवत डोंगराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास नेऊन सोडतो, आणि आता पुण्या-मुंबईचीच नव्हे तर पणजी-मडगावची पोरंही तिथे जातात. २०२४च्या फेब्रुवारीत तिथे पिस्टबाहेर हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू गेला. आपल्या देशातही डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमालयासाठी धोक्याचं बुलेटिन काढते. हॉटेलवाला आणि इन्स्टाग्राम यांच्या आधी ते उघडा.

शेवटी सामान. ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं. तिन्ही, प्रत्येकाकडे, आणि पहिला अंगावर चालू केलेला. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर सतत हाक देतो. कुणी गाडला गेला की बाकीचे आपला यंत्र शोधावर टाकून ती हाक पकडतात, प्रोबने टोचून नेमकी जागा काढतात, मग उपसायचं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर दहातले नऊ जगतात, अर्धा तास उलटला की तिनातला एक. हेलिकॉप्टर कितीही लवकर आलं तरी बहुधा तो या दहा मिनिटांनंतरच येतो, म्हणजे वाचवणारा तोच जो शेजारी उभा आहे. थांबलेला बर्फ लगेच घट्ट बसतो आणि मीटरभर खोलीवरच्या माणसासाठी टनभर तरी उपसावा लागतो, म्हणून फावडं धातूचं हवं, प्लास्टिकचं वाकतं किंवा मोडतं.

यंदा त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी दोन धातूची फावडी आणि मुलीसाठी तीन अँटेनांचा नवा ट्रान्सीव्हर यांचे पैसे पाठवले. तिचा जुना यंत्र कॉलेजच्या काळातला, कुणाचा तरी उतरलेला होता. बायकोच्या मनात सोन्याची साखळी होती. “धुवेक खोरें कोण दिता?” (लेकीला फावडं कोण देतं?) असं ती चार दिवस सगळ्या शेजारणींना सांगत होती. साखळीही घेऊन ठेवली आहे, मेमध्ये मुलगी येईल तेव्हा मिळेल. फावडी डिसेंबरच्या आधी पोचायला हवी होती.