पाठीमागची दोन भोकं

जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचा, काचेच्या नळ्यांवर चालणारा रेडिओ घरात असला की सल्ल्यांना तोटा नसतो. हल्लीचा लाडका सल्ला म्हणजे, "काका, आतलं सगळं काढून टाका, ब्लूटूथचा बोर्ड बसवा." बोर्ड लॅमिंग्टन रोडवर मिळतो (भडकमकर मार्ग म्हटलं तर टॅक्सीवाला आपल्याकडेच बघतो), पाच व्होल्टवर चालतो, आणि संध्याकाळपर्यंत आजोबांच्या लाकडी पेटीतून मोबाइलमधली गाणी वाजू लागतात. मला तो पेंढा भरलेला वाघ वाटतो.

शिवाय आतला अॅम्प्लिफायर बहुधा मेलेला नसतोच. लोक चोरबाजारात व्हॉल्व्ह शोधत हिंडतात, पण व्हॉल्व्ह चिवट. दगा देतात ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. मेणकागदाचे कंडेन्सर मुंबईच्या दमट हवेत इतके पावसाळे काढल्यावर लीक होणारच, म्हणजे त्यांतून नको ती वीज झिरपणारच. त्यातला एक फार नाजूक जागी बसलेला असतो, स्पीकरला ताकद देणाऱ्या ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशी, म्हणजे आवाजाचा सिग्नल जिथून आत शिरतो त्या जाळीपाशी. आवाज पुढे सोडायचा आणि आधीच्या व्हॉल्व्हचा डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) अडवायचा, एवढंच त्याचं काम. तो लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, लालबुंद होतो आणि जाता जाता स्पीकरच्या आधीच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. व्हॉल्व्ह एक वेळ मिळेल, तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारा माणूस कुठून आणणार? म्हणून माझ्या रेडिओत सगळ्यात आधी बदलला तो हाच कंडेन्सर.

मग पॉवर सप्लायचे दोन मोठे कंडेन्सर. ते सुकले की गाण्यामागे सतत घरघर ऐकू येते. नवे अंगठ्याएवढे असतात, जुन्या डब्यांच्या पोटात लपूनही बसतात. मात्र "जरा मोठाच घालू" हा मोह आवरावा. पहिला कंडेन्सर फार मोठा झाला तर एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला झेपत नाही.

वर्षानुवर्षं बंद असलेला रेडिओ थेट प्लगात खुपसायचा नसतो, सिरीजमध्ये, म्हणजे रेडिओकडे जाणारी वीज आधी बल्बमधून जाईल असा, साधा बल्ब लावून सुरू करायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो, रेडिओ वाचतो. यासाठी तारेचा, गरम होणारा बल्बच लागतो. तो मागितल्यावर दुकानदार आधी एलईडी पुढे करतो, मग माझ्या वयाकडे बघून माळ्यावर चढतो.

राहिला प्रश्न मोबाइलचा. या रेडिओच्या पाठीमागे दोन भोकं आहेत, शेजारी ग्रामोफोनचं चित्र. तबकडीवरची गाणी रेडिओच्या अॅम्प्लिफायरमधून ऐकता यावीत म्हणून कंपनीनेच केलेली सोय. त्यात वायर घातली की मोबाइलही वाजतो, काही उचकटावं लागत नाही. फक्त व्हॉल्व्हची नावं आधी वाचावीत. ती 'यू'ने सुरू होत असतील, यूसीएच८१, यूएल८४ अशी, तर मोबाइल लांब ठेवा. तसल्या एसी-डीसी सेटात (दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या) आतला भाग घरच्या विजेपासून वेगळा ठेवणारा मेन ट्रान्सफॉर्मर सहसा नसतो आणि पत्र्याच्या चासीवर, म्हणजे आतल्या सांगाड्यावर, थेट मेनचा करंट येऊ शकतो.

आवाज? ईएल८४ चार-पाच वॅट देतो, आमच्या दोन खोल्यांना तेवढे पुष्कळ. व्हॉल्व्हच्या आवाजात ऊब असते म्हणतात. मला विचाराल तर त्यातली निम्मी ऊब त्या मोठ्या कागदी स्पीकरची आणि लाकडाची आहे.

खुद्द रेडिओचं मात्र कठीण झालंय. मीडियम वेव्हवर काटा ५५८ किलोहर्ट्झला, आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीवर नेला की आधी खरखर येते. चार्जर, वायफायचा डबा, एलईडी दिवे, सगळे तिथे आपापलं बोलत असतात. एकेक बंद करत गेल्यावर आमच्याकडचा मुख्य गुन्हेगार सापडला, स्वयंपाकघरातला नवा दिवा. बायकोने सुरी हातात धरूनच विचारलं, "बातम्या हव्यात की भाजी, ते ठरवा."