लॉजची वर्गणी

घरखर्चाच्या वहीत काही रकमा अशा असतात की त्यांच्याबद्दल विचारलं की समोरचा माणूस पेपरात तोंड घालतो. आमच्याकडे लॉजची वर्गणी ही तशी रक्कम. आमचे हे फ्रीमेसन आहेत, म्हणजे गुप्त विधी असलेल्या एका जुन्या बंधुमंडळाचे सभासद. लॉज म्हणजे त्या मंडळाची शाखा, राहायचं लॉज नव्हे. गुप्तता पाळण्याची शपथ त्यांनी लॉजच्या विधींबद्दल घेतली असेल, पण ती खर्चालाही लागू आहे असा त्यांचा समज दिसतो. आकडा मीही इथे सांगत नाही. संसार चालवायचाय.

बरं, वर्गणी एकटी कधीच येत नाही. दीक्षा घेतानाची फी वेगळी. वर्गणीतून हॉलचं भाडं जातं, वरच्या ग्रँड लॉजची माणशी पट्टी जाते. सभेत धर्मादायाची थैली फिरते, तिच्यात हात घालून रिकामा काढता येत नाही. सभेनंतरचं जेवण असतं. शिवाय मुंबईच्या उकाड्यात काळा सूट आणि त्याचं ड्रायक्लीनिंग. सभेत बांधायचा कोकराच्या कातड्याचा ॲप्रन चपट्या काळ्या बॅगेत झोपलेला असतो, त्याला मी हात लावत नाही. माझ्या वाट्याला येतात ते पांढरे सुती हातमोजे. मशीनमध्ये टाकले की आटतात, म्हणून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवायचे, अंगठा आणि तर्जनीच्या मधला पिवळटपणा ब्रशने घासायचा, एकेक बोट ओढून सरळ करायचं आणि मनगटाकडून चिमटे लावायचे. गॅलरीत दोरीवर दहा बोटं खाली लोंबत असतात. शेजारच्या मुलीने एकदा विचारलं, "काकू, काका हॉटेलात आहेत का?"

गुपितासाठी म्हणाल तर हा सौदा साफ बुडीत. सगळे विधी नेटवर सापडतात. आणि मला तर तीही गरज नाही. ह्यांना विधींचं पानंच्या पानं इंग्रजी तोंडपाठ करावं लागतं, ते हे बाथरूममध्ये करतात. दार बंद असलं तरी वरची काच उघडी असते.

"अहो, पण मिळतं काय?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. विवेकानंद १८८४ मध्ये कलकत्त्याच्या लॉजमध्ये गेले होते, मोतीलाल नेहरू मेसन होते. मी म्हणते, होते ना, पण त्यांच्या घरच्यांना काय वाटायचं ते कोणी लिहून ठेवलंय का?

एके काळी मात्र या प्रश्नाला रोख उत्तर होतं. मेसनांचं नव्हे, त्यांच्यासारख्याच दुसऱ्या बंधुमंडळांचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १८६८ साली कामगारांचं असंच एक मंडळ निघालं. सभासद वारला की बाकीच्यांनी प्रत्येकी एक डॉलर काढायचा आणि जमेल ते त्याच्या बायकोला द्यायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या कितीतरी लॉजनी स्वतःचा डॉक्टर ठेवला होता. सभासदामागे वर्षाला एक-दोन डॉलर, म्हणजे मजुराची साधारण दिवसाची कमाई. इंग्लंडात ऑडफेलो नावाच्या अशाच बंधुमंडळाची मंडळी आजारपणात पैसे द्यायची, मयताचा खर्च उचलायची. मग १९११ मध्ये सरकारी विमा आला, १९४८ मध्ये सरकारी दवाखाने आले, आणि लॉजकडे जाण्याचं पोटाचं कारण संपलं.

मुंबईत कारण निराळं होतं. इथे वर्गणीने इंग्रजाच्या शेजारी खुर्ची मिळायची, तीही सहजी नाही. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईचे मेसन आत घेईनात. ते पॅरिसमध्ये दीक्षा घेऊन आले. मग जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं, ते खास इथल्या लोकांना घेण्यासाठी. याच माणेकजींनी पुढे १८६३ मध्ये फोर्टात मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. मुलींना शाळेत आणणारा माणूस यांच्यात होता, तरी बायकांना लॉजचं दार आजही बंदच. वर्षातून एकदा आम्हाला जेवायला बोलावतात. पनीर दरवर्षी तेच असतं.

इंग्रज गेले. १९६१ मध्ये भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली. ती खुर्चीही आता कोणाला नको आहे. उरलं काय?

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मेडिक्लेमवाले एकामागून एक कागद मागत होते. त्याच दिवसांत लॉजमधले एक बोहरी गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन बसायचे. सुट्या भागांचा धंदा, बोलायला अगदी कमी. ह्यांना वॉकर धरून पॅसेजच्या टोकापर्यंत न्यायचे, परत आणायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. लॉजच्या वतीने आजाऱ्यांची चौकशी करणं हे त्यांच्याकडे सोपवलेलं काम होतं. नेमून दिलेलं असलं म्हणून काय झालं? नेमून न दिलेल्यांपैकी किती जण आले, ते मी मोजलंय.

आणि दुसरी गोष्ट, जी मला खरी मोलाची वाटते. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण हे दोन विषय काढायचे नाहीत, असा जुना नियम आहे. एक पारशी, एक सरदारजी, ते बोहरी, आमचे हे, असे सगळे जेवायला बसतात आणि गुडघा, साखर, नातवंडं, फार तर क्रिकेट यांवर बोलतात. घरी येतात ते शांत चेहऱ्याने. आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप फुकट आहे. तो वाचून झाला की ह्यांचं बीपी मोजावं लागतं. त्या गोळ्यांचा खर्च वर्गणीशेजारी मांडला तर वर्गणी मुळीच महाग नाही. जे नुसती भरतात आणि कधी फिरकत नाहीत, त्यांना मात्र ती शंभर रुपये असली तरी महागच.

पेन्शनीत बसत नाही म्हणून यंदा हेच राजीनाम्याचं बोलत होते. मी म्हटलं, भरून टाका. आमच्या भिशीत घातलेले पैसे निदान परत तरी येतात, आणि यंदा माझा नंबर नेमका वर्गणीच्या तोंडावर लागलाय. त्यातून भरते. म्हणजे जेवणाच्या दिवशी त्या पनीरबद्दल मास्टरांशी, म्हणजे लॉजच्या प्रमुखांशी, चार शब्द बोलायचा हक्क तरी मला मिळेल.