तुम्ही विचारलंत म्हणून: लहान शहरातले खून खरंच वाढलेत का?

गुन्ह्यांच्या आकडेवारीवर मी काम करते हे कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "आमच्याकडे खून, हाणामाऱ्या फार वाढल्यात, हो ना?" विचारणारे बहुतेक लहान शहरांतले असतात. मागे एका गृहस्थांनी मोबाइलच पुढे धरला. दोन पट्ट्यांचा आलेख. गेल्या वर्षी एक खून, यंदा तीन, आणि खाली लाल अक्षरांत 'तिप्पट'. बोलताना त्यांचा आवाज कापत होता. मेलेल्या तिघांपैकी एकीला ते रोज येता-जाता पाहायचे. त्यांना उभ्या उभ्या 'हो' किंवा 'नाही' सांगणं मला बरं वाटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वीस हजार वस्तीचं शहर धरा. खुनाचा दर लाखामागे मोजतात. तिथे वर्षात एक खून झाला तर दर ५, दोन झाले तर १०. संयुक्त राष्ट्रांच्या अभ्यासानुसार २०२१ साली जगाचा सरासरी दर ५.८ होता. म्हणजे एका माणसाच्या जगण्या-मरण्यावर ते शहर जगाच्या सरासरीपेक्षा सुरक्षित, नाहीतर जवळपास दुप्पट धोक्याचं ठरतं. आता समजा, तिथे वर्षाला सरासरी दोन खून होतात आणि परिस्थितीत काडीचाही फरक पडत नाही. तरी नुसत्या योगायोगाने साधारण सात वर्षांतलं एक वर्ष शून्याचं जाईल आणि एक वर्ष चार किंवा त्याहून जास्त खुनांचं. शून्याच्या वर्षी अधिकाऱ्यांचं कौतुक होतं, चाराच्या वर्षी त्यांच्या बदलीची मागणी. शहर तेच असतं.

खून कुठल्या वर्षात मोजला गेला, हेही बघावं लागतं. इंग्लंडमधल्या हाइड या लहान शहरात हॅरल्ड शिपमन नावाचा डॉक्टर वर्षानुवर्षं स्वतःच्याच रुग्णांना मारत होता. मृत्यू नैसर्गिक म्हणून नोंदले जात होते, त्यामुळे आलेख शांत होता. चौकशीचा अहवाल आल्यावर त्याच्या नावावरचे १७२ खून २००२-०३ या एकाच वर्षाच्या आकड्यांत चढले. आलेखात सुळका दिसतो त्या वर्षी शिपमन तुरुंगात होता.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. चाकूचा वार तोच, पण जखमी माणूस वेळेत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचला तर नोंद होते 'खुनाचा प्रयत्न', नाही पोचला तर 'खून'. सर्जन आणि रक्त जिथून लांब आहे, तिथला खुनाचा आकडा माणसांच्या रागाइतकाच रस्त्याच्या अंतराचाही असतो.

मग कळणार कसं? एकेका वर्षाची तुलना सोडून मी पाच-दहा वर्षं एकत्र घेते, आणि खुनापेक्षा खालच्या पायरीकडे जास्त बघते: मारहाण, धमक्या, घरातली हिंसा. तिथे आकडे मोठे असतात, कल दिसू शकतो. अर्थात पोलिसांत नोंद वाढली म्हणजे हिंसा वाढलीच असं नाही. बायका तक्रार द्यायला धजावू लागल्या, तरी आकडा चढतो. म्हणून दवाखान्याचा हिशेब शेजारी ठेवावा. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या सर्जनच्या लक्षात आलं की मारहाणीत जखमी होऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग दवाखान्यात फक्त जागा, वेळ आणि हत्यार विचारून, नाव गाळून ती माहिती पोलिसांना आणि नगरपालिकेला दिली जाऊ लागली. त्यानंतर तिथे हिंसेमुळे दवाखान्यात भरती होणारे, तशाच इतर शहरांच्या मानाने, घटले. लहान शहरात हे करणं तर आणखी सोपं आहे.

आणि खून मोजण्याऐवजी वाचावेत. तीनच असतील तर तिन्ही फाइली एका दुपारी वाचून होतात. २०२२ साली जगात मारल्या गेलेल्या सुमारे ८९,००० स्त्रिया-मुलींपैकी ५५ टक्के जणींना जोडीदाराने किंवा घरच्याच माणसाने मारलं. असे खून बहुधा अचानक होत नाहीत. पोलिसांच्या एका वहीत मी एक नोंद पाहिली होती: 'किरकोळ मारहाण'. खाली तपशिलात, बारीक अक्षरांत, 'पतीने गळा दाबला, काही वेळ शुद्ध नव्हती'. वर 'समज दिली' असा शेरा. आधी कधी जोडीदाराने गळा दाबलेला असेल तर त्या बाईचा खून होण्याचा धोका सातपटीहून अधिक असतो, असं २००८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. ती नोंद किरकोळ नव्हती.

त्या गृहस्थांना मी विचारलं, हे तीन खून कुणी कुणाचे केले? त्यांना सगळं ठाऊक होतं. दोन एकाच भांडणातले, पहिल्याचा सूड म्हणून दुसरा. अशा साखळीला माझं योगायोगाचं गणित लागू पडत नाही, कारण तिथे पहिला खून झाला त्याच दिवशी दुसऱ्याची चाहूल लागलेली असते, आणि मध्ये पडायला वेळही असतो. तिसरी ती बाई, रोज सकाळी मुलाचा हात धरून त्यांच्या दारावरून जाणारी.

मोबाइल खिशात ठेवत ते म्हणाले, "ताई, तिने आधी दोनदा तक्रार दिली होती."