कोलोनच्या ब्रॉयहाउसमधली संध्याकाळ

आज जर्मनीतल्या कोलोनला 'फ्रू आम डोम'मध्ये जेवलो. कॅथेड्रलपासून चार पावलांवर, १९०४ सालचं ब्रॉयहाउस, म्हणजे स्वतःची बिअर असलेली खानावळ. शनिवारची संध्याकाळ, आत मुंगी शिरायला जागा नाही! पण इथे स्वतंत्र टेबलाचा हट्ट कुणी धरत नाही. लांब बाकावरचे आजी-आजोबा हसत सरकले आणि आम्ही टेकलो. परक्यांनी असं सहज सामावून घेतलं, फार बरं वाटलं.

निळ्या कपड्यांतले वाढपी म्हणजे 'क्योबेस'. बोलायला फटकळ, हाताला विलक्षण चपळ. क्योल्श बिअर २०० मिलीच्या उंच, बारीक ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा हजर, आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीची एक रेघ. बिल त्या रेघांवरूनच. पुरे झालं की चकती ग्लासवर झाकायची, पंगतीत पानावर आडवा हात धरतो तशी.

मी सावरब्राटन घेतलं. व्हिनेगरमध्ये दिवसचे दिवस मुरवलेलं मांस, मनुका घातलेला आंबटगोड रस्सा, बटाट्याचे गोळे, लाल कोबी. अप्रतिम! हिने बिनमांसाचा 'हाल्वे हान' मागवला: राईचा पाव, गौडा चीजचा जाडजूड तुकडा, कांदा, मोहरीची चटणी. कोलोनला येणाऱ्या, मांस टाळणाऱ्या मंडळींनी बिनधास्त मागवावा.